डिस्क-वेष्टनांचे वर्गीकरण

डिस्क-वेष्टनांचे वर्गीकरण : घरातल्या चित्रपटसंग्रहाची यादी करताना प्रत्येक व्हीसीडी, डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे डिस्क कोणत्या जातीच्या केसमध्ये, पाकिटात किंवा खोक्यात आहे हे ठरवून नोंदवण्याची पद्धत. चित्रपटाचे नाव, भाषा, दिग्दर्शक या रकान्यांपुढे हा रकाना किरकोळ वाटतो आणि बहुतेक याद्यांत तो कोराच राहतो. पण कपाटात किती जागा लागेल, हरवलेले कव्हर कोणत्या मापात छापून घ्यायचे, पावसाळ्याआधी कोणत्या डिस्क तपासायच्या, यांची उत्तरे त्याच रकान्यातून मिळतात.

मुंबईतल्या संग्रहांत वेष्टनांची सरमिसळ जरा जास्तच असते. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून (हे दुकान २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झाले) घेतलेली आयात डीव्हीडी, फोर्टच्या फुटपाथवरची पाकिटातली व्हीसीडी, बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीने किलोच्या भावाने काढलेला गठ्ठा आणि घरच्या लग्नाची स्टुडिओने दिलेली गादीदार केस अशी सगळी मंडळी एकाच फळीवर नांदतात. परदेशी संग्राहकांनी केलेल्या प्रकारांच्या याद्या यांतल्या निम्म्या गोष्टींना लागूच पडत नाहीत.

वर्गीकरणाचा पाया : वर्ग ठरवताना आधी एकच प्रश्न विचारायचा, डिस्क कशाने धरली आहे? मधल्या भोकात अडकणाऱ्या दातेरी कळीने (बोलीत ‘बटण’), कागद-पुठ्ठ्याच्या कप्प्याने, की नुसत्या पिशवीने? त्यानंतर बटण कशावर बसले आहे ते पाहायचे : लवचिक प्लास्टिक, कडक प्लास्टिक, पुठ्ठ्याला चिकटवलेला ट्रे किंवा पत्रा. बाहेरून चढवलेले आवरण हा तिसरा आणि पूर्णपणे स्वतंत्र रकाना. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. चकचकीत पुठ्ठ्याचे आवरण दिसले की यादी करणारा ‘पुठ्ठ्याची केस’ लिहून मोकळा होतो आणि आत नेहमीची काळी प्लास्टिकची केस आहे हे नोंदीत येतच नाही. डीव्हीडी प्रोफायलर या यादीच्या सॉफ्टवेअरमध्ये केसचा प्रकार आणि स्लिपकव्हर (बाहेरून चढवलेले पुठ्ठ्याचे आवरण) आहे की नाही या दोन वेगळ्या नोंदी आहेत. वहीत किंवा एक्सेलमध्ये यादी करणाऱ्यानेही तेवढी शिस्त पाळावी.

डिस्कची संख्या हा प्रकार नव्हे. ‘डबल केस’, ‘ट्रिपल केस’ अशी नावे दुकानात ठीक आहेत, पण यादीत बटणे किती आणि डिस्क किती हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. चार बटणे आणि तीन डिस्क अशी नोंद झाली, तर एक डिस्क कोणाकडे तरी गेली आहे किंवा केस दुसऱ्याच चित्रपटाची आहे असा संशय घ्यायला जागा मिळते. कधीकधी प्रकाशकानेच मोठी केस वापरलेली असते, म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी कव्हरवर छापलेली संख्या पाहावी.

मापे : पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी पुरते. सीडी, डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे या तिन्ही डिस्कचा व्यास १२० मिमी आणि जाडी १.२ मिमी असते, त्यामुळे डिस्क बघून केस ओळखता येत नाही. केस उभी ठेवून उंची मोजावी. १९० मिमी भरली तर डीव्हीडीची कीपकेस (नेहमीची लवचिक प्लास्टिकची केस), सुमारे १७१ मिमी भरली तर ब्ल्यू-रेची केस, १२५ मिमी भरली तर सीडीच्या मापाची ज्युएल केस. कीपकेस इतकी उंच ठेवण्यामागे डिस्कची काही गरज नव्हती; व्हीएचएस कॅसेटच्या खोक्यांसाठी केलेल्या फळ्यांवर ती शोभावी हा हिशेब होता. उंचीनंतर कण्याची, म्हणजे नाव छापलेल्या अरुंद बाजूची, जाडी मोजावी. साधी कीपकेस १४ मिमी, स्लिम ७ मिमी, साधी ज्युएल केस १० मिमी, स्लिम ज्युएल सुमारे ५ मिमी आणि जास्त डिस्कची जाड ज्युएल सुमारे २४ मिमी.

मुंबईच्या घरात या आकड्यांना वजन आहे. ८० सेंमी रुंदीच्या फळीवर १४ मिमीच्या ५७ केस मावतात, ७ मिमीच्या ११४. केसची खोली १३५ मिमी असल्याने फूटभर खोल कपाटात दोन रांगा सहज बसतात आणि मागची रांग कायमची विस्मृतीत जाते. तरीही जागा वाचवण्यासाठी सगळ्या केस स्लिममध्ये बदलणे हा सौदा तोट्याचा. मूळ कव्हर २७३ × १८३ मिमी असते, स्लिम केसला २६६ मिमी रुंदी लागते. म्हणजे कव्हर कापावे तरी लागते किंवा कण्यावरचे नाव घडीत जाते.

प्लास्टिकच्या केस : कीपकेस पॉलिप्रॉपिलीनची असते. ती वाकते, टिचकी मारली तर बद्द आवाज येतो आणि बाहेरच्या पारदर्शक पिशवीत कव्हर सरकवलेले असते. तिला अमारे असेही म्हणतात, पण ते एका बनावटीचे व्यापारी नाव आहे. यादीत कीपकेसच लिहावे. ज्युएल केस पॉलिस्टायरीनची, काचेसारखी कडक. तिच्या झाकणाचे दोन कान पहिल्याच पडण्यात तुटतात आणि मधले दात निखळून डिस्कखाली फिरत राहतात. केस हलवल्यावर खुळखुळ ऐकू आली तर डिस्क बटणावर ठेवूच नये, आधी तुकडे झटकावेत. दोन प्लास्टिकांत शंका राहिली तर तुटलेला तुकडा पाण्यात टाकावा : पॉलिप्रॉपिलीन तरंगते, पॉलिस्टायरीन बुडते.

कीपकेसमध्ये दोन किंवा अधिक डिस्क बसवण्याच्या तीन तऱ्हा आहेत : समोरासमोरच्या दोन्ही आतल्या बाजूंवर, मध्ये पानासारखे उलटणारे पाते घालून, किंवा एकाच बाजूला एकमेकींवर थोड्या चढवून. तिसरी तऱ्हा नोंदीत मुद्दाम लिहावी. खालची डिस्क काढताना वरची हमखास घासते.

काही कीपकेसच्या पाठीला मोठी भोके असतात, प्लास्टिक वाचवण्यासाठी पाडलेली. त्यांना ‘इको’ अशी खूण करावी. दमट हवेत कव्हरचा कागद त्या भोकांत बसतो आणि बोटाच्या दाबाने फाटतो.

ब्ल्यू-रेची निळी, फोर-के डिस्कची काळी एवढा रंगभेद पुरे.

व्हीसीडी आणि पाकिटे : १९९३ साली ठरलेल्या व्हीसीडीच्या मानकानुसार एका डिस्कवर ७४ मिनिटांच्या आसपास चित्र मावते. म्हणून मराठी चित्रपट दोन डिस्कवर, लांबलचक हिंदी चित्रपट तीन डिस्कवर आणि नाटके दोन-तीन डिस्कवर आली. या जोड्या १० मिमीच्या ज्युएल केसमध्ये उलटत्या ट्रेवर बसवलेल्या असतात किंवा नुसत्या पुठ्ठ्याच्या पाकिटात. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. किंमत एवढी उतरल्यावर डिस्कवर खर्चायला पैसे थोडे आणि केसवर त्याहून थोडे.

पाकिटांत तीन उपप्रकार करावेत. बटण नसलेला, नुसत्या कप्प्यांचा घडीचा पुठ्ठा म्हणजे पुठ्ठा-पाकीट. पारदर्शक खिडकी असलेले पांढरे पाकीट म्हणजे कागदी पाकीट. प्लास्टिकच्या थैलीत डिस्क आणि मागे घडी घातलेले कव्हर म्हणजे पाऊच. लायब्ररीवाल्यांचा हा लाडका प्रकार. व्हीसीडी पाकिटात असणे हे डीव्हीडीपेक्षा धोक्याचे. व्हीसीडी ही मुळात सीडीच, आणि सीडीत माहितीचा थर वरच्या छापील बाजूच्या लॅकरखाली लगेचच असतो, त्यामुळे पाकिटातला वाळूचा कण वरून ओरखडला तर चित्र जाते आणि पॉलिश करून परत येत नाही. डीव्हीडीत हा थर ०.६ मिमीच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. तिची व्यथा वेगळी : घट्ट बटणावरून कडेला धरून उपटली की ती वाकते आणि भोकाभोवती बारीक तडे जातात. अशा केसच्या नोंदीपुढे ‘बटण घट्ट’ लिहून ठेवावे आणि मधले बटण दाबूनच डिस्क सोडवावी.

पुठ्ठा, पत्रा, खोके : पुठ्ठ्याच्या घडीवर प्लास्टिकचा ट्रे चिकटवलेला असेल तर डिजिपॅक, ट्रेसोबत शिवलेली किंवा चिकटवलेली पाने असतील तर डिजिबुक, ट्रेच नसेल तर वर सांगितलेले पुठ्ठा-पाकीट. पुठ्ठ्याचे झाकण आणि उजव्या कडेला प्लास्टिकची खटकी अशी रचना दिसली तर तो स्नॅपर. वॉर्नरच्या सुरुवातीच्या अमेरिकी डीव्हीडींत तो सर्रास दिसतो, आपल्याकडे आयात प्रतींतच. पत्र्याच्या केसला सगळेच स्टीलबुक म्हणतात. ते व्यापारचिन्ह आहे. कण्यावर किंवा आत ते नाव कोरलेले नसेल तर ‘पत्र्याची केस’ एवढेच लिहावे.

आवरणांत वर-खाली दोन्ही टोके उघडी असतील ते स्लिपकव्हर आणि एकच बाजू उघडी असेल ते स्लिपकेस. स्वतंत्र केस एकत्र ठेवणारे खोके म्हणजे बॉक्स सेट. त्याची एक मुख्य नोंद करून आतल्या प्रत्येक केसला पोटक्रमांक द्यावा, नाहीतर एक केस बाहेर राहिली तरी यादी पूर्णच दिसते.

लग्न-मुंजीच्या स्टुडिओ-केसना वेगळा वर्ग हवा. फोमच्या गोल चकतीवर डिस्क दाबून बसवलेली असते. काही वर्षांनी तो फोम चिकट होऊन डिस्कच्या भोकाला धरतो. शिवाय या डिस्क संगणकावर लिहिलेल्या (‘बर्न’ केलेल्या) असतात, कारखान्यात छापलेल्या नव्हेत. त्यांतला रंगद्रव्याचा थर उजेडाने खराब होतो. खिडकीजवळच्या पारदर्शक केसमध्ये त्या ठेवू नयेत आणि नोंद करताना आतल्या माहितीची प्रत हार्ड डिस्कवर आहे का, तेही विचारून घ्यावे.

मूळ की बदललेले : भारतात प्रकाशित झालेल्या चित्रफितीच्या वेष्टनावर काय छापलेले असावे हे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ए मध्ये सांगितले आहे : लागू असेल तिथे सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता. त्याशिवाय कमाल किंमत आणि पॅकिंगचा महिना-वर्ष. हे वर्ष डिस्कच्या आवृत्तीचे, चित्रपटाचे नव्हे. दोन्ही वेगळ्या रकान्यांत जावीत. कव्हर हरवलेल्या डिस्कला नवी केस मिळते, पण ही माहिती मिळत नाही. म्हणून फुटकी केस टाकली तरी आतला कागद टाकू नये.

झेरॉक्सच्या दुकानात नवे कव्हर छापताना ए-फोर कागद चालतो, पण ‘फिट टू पेज’ बंद करून मूळ मापात छापायला सांगावे. कीपकेसच्या कव्हरच्या दोन्ही बाजू १२९.५ मिमी आणि मधला कणा १४ मिमी. छपाईत दोन-तीन टक्क्यांचा फरक पडला तरी कण्यावरचे नाव पुढच्या बाजूवर सरकते. ज्युएल केसचा मागचा कागद १५१ × ११८ मिमी, दोन्हीकडे ६.५ मिमीच्या घड्या धरून.

पूर्ण झालेली नोंद साधारण अशी दिसते : ‘मराठी नाटक, व्हीसीडी. ज्युएल, १० मिमी. बटणे २, डिस्क २. स्लिपकव्हर आहे, डावा कोपरा फाटका. मागचा कागद मूळ. केस बदललेली, २०१९.’ एवढे लिहायला सवय झाल्यावर मिनिटभर लागते. केस न उघडता, नुसत्या कण्यांवरून केलेली यादी झपाट्याने होते आणि तितक्याच झपाट्याने चुकते.

पावसाळा : ऑप्टिकल डिस्कसाठी अमेरिकेच्या मानक संस्थेने २००३ मध्ये दिलेली शिफारस ४ ते २० अंश सेल्सिअस आणि २० ते ५० टक्के आर्द्रता अशी आहे. जुलै-ऑगस्टात मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणून वेष्टनाच्या रकान्यावरून पुठ्ठा-पाकिटे, डिजिपॅक आणि स्लिपकेस यांची यादी काढावी आणि मे महिन्यात तेवढीच तपासावीत : बुरशी, कसरीने खाल्लेल्या कडा, डिस्कला चिकटलेला कागद. पाऊचच्या मऊ प्लास्टिकने डिस्कवर धुरकट डाग पाडला असेल तर डिस्क लगेच कीपकेसमध्ये हलवावी आणि पाऊच कव्हरसकट वेगळा ठेवून नोंदीत ‘डिस्क हलवली’ असे लिहावे. समुद्राजवळच्या घरांत पत्र्याच्या केसच्या कडांना गंज आधी धरतो. त्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत. सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यात उपयोगी, उघड्या फळीवर त्या नुसत्याच शोभेच्या.