ई-पीक पाहणी आणि नारळीकरांचं कृष्णविवर

२० मे २०२५ ला पुण्यात खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर गेले. इकडे यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, वावरं वखरून तयार होती आणि बियाण्याच्या भावाखेरीज दुसरा विषय नव्हता. तरी पानठेल्यावर बातमी कळताच दोघातिघांच्या तोंडी त्यांच्या एकाच पुस्तकाचं नाव आलं, ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह. शाळेच्या लोखंडी आलमारीतली ती प्रत पानं सुटेस्तोवर वाचली गेली आहे.

पद्मविभूषण, पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था आयुका, शास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यासोबतचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत हे सगळं पेपरात येऊन गेलं. मला सांगायचंय ते ‘कृष्णविवर’ या त्यांच्या पहिल्या कथेविषयी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं धाडली. आपलीच आद्याक्षरं उलटी करून. हस्ताक्षरही ओळखू नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. कथेला बक्षीस मिळालं. केंब्रिजमध्ये शिकलेल्या माणसानं हे विज्ञान मराठीत, गोष्टीतून सांगितलं, म्हणून ते आमच्या गावापर्यंत पोचलं. हे ऋण फार मोठं आहे.

कथेच्या नावातलं कृष्णविवर समजून घ्यायचं, तर सुरुवात घड्याळापासून करू. गुरुत्वाकर्षण जिथे जास्त, तिथे घड्याळ मंद चालतं, असं आइन्स्टाइननं दाखवलं. त्याचा पुरावा आपल्या वावरात आहे. ई-पीक पाहणीला, म्हणजे पिकाची सरकारी नोंद करायला, मोबाइल घेऊन उभं राहिलं की त्याला जागा कळते, कारण सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांतली आण्विक घड्याळं त्याला वेळ कळवत असतात. तिथे पृथ्वीची ओढ कमी, म्हणून ती दिवसाला ४५ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) पुढे जातात; वेगामुळे ७ मागे पडतात. उरले ३८. तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो. ही दुरुस्ती आधीच करून ठेवली नसती, तर काही दिवसांत तुमची कपाशी दुसऱ्याच तालुक्यात दिसली असती!

कृष्णविवर म्हणजे जिथून प्रकाशही सुटू शकत नाही, इतकी ओढ असलेली जागा. त्याच्याजवळ हाच फरक वर्षांचा होतो. मे महिन्यात अंगणात बाज टाकली की मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे वृश्चिकाची नांगी दिसते. तिच्या थोडं वर, डावीकडे, सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, ४० लाख सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. त्याची प्रतिमा २०२२ साली प्रसिद्ध झाली. ते स्वतःभोवती फिरत नाही असं धरलं, तर त्याची त्रिज्या साधारण १.२ कोटी किलोमीटर भरते.

त्याच्याजवळ नेलेल्या यानातलं घड्याळ गावातल्यापेक्षा किती मंद चालेल, हा हिशेब दहावीतल्या पोरांनाही जमेल. त्रिज्येला यानाच्या केंद्रापासूनच्या अंतरानं भागायचं, उत्तर १ मधून वजा करायचं, वर्गमूळ काढायचं. यान १.६ कोटी किलोमीटरवर स्थिर ठेवलं, तर भागाकार पाऊण, वजाबाकी पाव, वर्गमूळ अर्धा. म्हणजे यानात एक वर्ष, तर गावात दोन. यानातल्या एका वर्षात गावात दहा वर्षं जायला हवी असतील, तर यान कृष्णविवराच्या काठापासून जेमतेम सव्वा लाख किलोमीटरवर न्यावं लागेल.