तांब्याचा वायसर आणि इंचभर मासा

नळ गळायला लागला की प्लंबर जो वायसर बदलतो, तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. तसाच एक तांब्याचा वायसर १९६२ साली अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात एका कपारीच्या भिंतीवर बसवला गेला. पाणी त्याच्यापासून किती खाली आहे, एवढंच त्यावरून मोजायचं. पुढे एका माशाचा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तिथे हिशेब झाला तो याच वायसरपासूनच्या फुटांचा.

जागेचं नाव डेव्हिल्स होल, म्हणजे सैतानाचं बिळ. भोवती उघडेबोडके डोंगर, खडकाला पडलेली फट आणि तिच्यात निळंशार पाणी. ते बाराही महिने ३३ अंशांच्या आसपास, आंघोळीला विसण घातल्यासारखं. खोली १३० मीटरच्या पुढे, तळ कुणालाच सापडलेला नाही. पण डेव्हिल्स होल पपफिश या जेमतेम इंचभर माशाचा संसार चालतो तो काठालगत बुडालेल्या एका खडकाच्या ओट्यावर. ओटा साधारण ११ बाय १६ फूट. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्याहून किंचित मोठा. एवढ्याशा जागेवर या माशांची अंडी, पिल्लं, खाणं आणि नरांची हद्दीवरून भांडणं! निसर्गात ही जात जगात दुसरीकडे कुठेही नाही.

फटीत ऊन थोडाच वेळ उतरतं. ते उथळ ओट्यावर पडलं की शेवाळ धरतं, आणि त्या शेवाळावर सगळ्यांचं पोट. शिवाय पाण्यात प्राणवायू फार कमी. पितृपक्षानंतर बाणगंगेत मेलेले मासे तरंगताना आपण पाहिलेत: तलावात टाकलेलं अन्न कुजतं, प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात. पपफिश मात्र तसल्याच अपुऱ्या प्राणवायूत पिढ्यान्‌पिढ्या तगून आहे. त्याला पोटाखालच्या परांची जोडी नाही, आयुष्य वर्षभराचं, आणि मादीची अंडीही मोजकीच. मुंबईच्या विहिरींत डासांच्या अळ्या खायला सोडतात ते गप्पी मासे याच्याच गणातले. पण गप्पी कुठल्याही डबक्यात रुजतो. याला तो एकच ओटा.

तोच उघडा पडायला लागला. १९६८च्या सुमारास जवळच्या शेतमळ्याने बोअरवेलचे पंप सुरू केले. विहिरी चार किलोमीटरवर, पण जमिनीखालचं पाणी एकच. पूर्वी वायसरच्या सव्वा फूट खाली असलेलं पाणी १९७२पर्यंत जवळपास चार फूट खाली गेलं. गावांत मोटारींवर स्टिकर लागले, ‘पपफिश वाचवा’ आणि ‘पपफिश मारा’, दोन्ही. १९७६ साली न्यायालयाने एकमताने निकाल दिला: ही जागा १९५२मध्येच राष्ट्रीय संरक्षणाखाली आली, तेव्हा माशापुरतं पाणीही तिच्याबरोबरच राखीव झालं. मला या निकालातला नेमकेपणा फार आवडतो. शेती बंद करा असं कुणी म्हटलं नाही. उपशावर मर्यादा आली ती ओटा बुडलेला राहील एवढ्यापुरती. ती पातळी पुढे वायसरखाली २.७ फूट अशी ठरली.

तरी संकट टळलेलं नाही. पाणबुडे वर्षातून दोनदा खाली उतरून एकेक मासा मोजतात. २०१३मध्ये ३५ भरले. सप्टेंबर २०२२मध्ये २६३. त्याच महिन्यात दूर मेक्सिकोत भूकंप झाला आणि काही मिनिटांत या बिळात सुमारे चार फुटी लाटा उसळल्या. अशा लाटा ओट्यावरचं शेवाळ आणि अंडी धुऊन नेतात. डिसेंबर २०२४ आणि फेब्रुवारी २०२५च्या भूकंपांनंतर तसंच झालं, आणि वसंतातल्या मोजणीत उरले ३८.

जवळच एका मोठ्या टाकीत या ओट्याची हुबेहूब प्रतिकृती करून पपफिश वाढवलेले आहेत. त्यांतले १९ मासे आणून बिळात सोडले. ओटा पुन्हा हिरवा होईपर्यंत माणसं त्यांना वरून खाणं घालत होती.