वळ नाही म्हणजे मार नाही?

"मारलं असतं तर अंगावर वळ उमटलाच असता." धुळे, जळगाव, नंदुरबारकडे तान्हं बाळ हाड मोडून दवाखान्यात आलं, की हे वाक्य ऐकू येतंच. ते चूक आहे. हातपाय पिरगळून, ओढून हाड मोडलं तरी वर कातडीवर बऱ्याचदा काहीच दिसत नाही. गदागदा हलवलेल्या बाळाच्या डोक्यात रक्तस्राव होतो आणि बाहेर साधं खरचटलेलंही नसतं.

म्हणून डॉक्टर आधी वय बघतात. पळतं मूल गुडघे फोडणारच. नुकतंच चालायला लागलेल्याची नडगी साध्या पडण्यानेही चिरते. पण जे अजून कुशीवरही वळत नाही ते बाजेवरून लोळून पडलं, हे कसं मानायचं? ४ महिन्यांखालच्या बाळाच्या अंगावर कुठेही काळंनिळं दिसलं, किंवा ४ वर्षांखालच्या मुलाच्या कानावर, मानेवर, पोटा-पाठीवर दिसलं, तर तपास व्हायलाच हवा. २ वर्षांखाली संशय असेल तर सगळ्या हाडांचे एक्स-रे काढतात. बरगडीचं जुनं, भरत आलेलं फ्रॅक्चर अनेकदा तिथेच सापडतं.

उलटी चूकही होते, म्हणजे मार नसताना संशय घेतला जातो, आणि ती निर्दोष घर मोडू शकते. कमरेवरचे जन्मजात निळसर डाग आपल्याकडच्या बाळांना सर्रास असतात. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे बाळांचे हातपाय सुजतात. मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार), ठिसूळ हाडं, रक्त न गोठण्याचे आजारही तपासावे लागतात.

तेव्हा डॉक्टरांनी आईला, आजीला वेगवेगळं विचारलं तर चिडू नका. शेजारच्या बाळाबद्दल शंका असेल तर मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या मोफत क्रमांकावर कळवा.