घाईत घट्ट, उन्हात सैल

मोटारसायकलच्या मडगार्डला चिकटवलेला रिफ्लेक्टर काढायचा म्हटलं की पहिला हात जातो स्क्रूड्रायव्हरकडे. कडेला टोक घातलं, एक हिसका दिला, की रिफ्लेक्टर हातात येतो आणि त्याच्या पाठीला रंगाचा रुपयाएवढा टवकाही. मग सगळे गोंदाला शिव्या घालतात. गोंद चिवट असतो हे खरं, पण टवका उडतो तो हिसक्यामुळे.

रिफ्लेक्टरच्या मागे बहुधा अॅक्रिलिक फोमची दुहेरी टेप असते. (बहुधा म्हणतोय, कारण काही रिफ्लेक्टर बोल्टवर बसवलेले असतात. आधी मागून बोट फिरवून नट लागतो का ते बघा, नाहीतर तासभर चिकाटीने बोल्टशी झुंजत बसाल.) या टेपचा गोंद धड घन नाही, धड द्रव नाही. चिकटवल्यावरही तो रंगाच्या बारीक खळग्यांत हळूहळू पसरत राहतो. पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. त्याचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे, एकमेकांत गुंतलेले. सावकाश ताण दिला तर साखळ्या एकमेकींवरून सरकतात, गोंद तारेसारखा ताणला जातो आणि स्वतःच तुटतो. हिसका दिला तर सरकायला वेळच मिळत नाही आणि तोच गोंद कडक होऊन बसतो. आपल्याकडे खापरावरचे मांडे करणाऱ्या बाईच्या हातावर बघा: कणीक सावकाश खेळवली तर हातभर पसरते, ओढाताण केली की फाटते.

गोंद कडक झाला की सगळा ताण खालच्या थरांवर जातो. लोखंडावरचा प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट असं सगळं मिळून जाडी भरते जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. यातला जो जोड सगळ्यात कच्चा, तो सुटतो. कंपनीच्या भट्टीत भाजलेला रंग सहसा टिकतो. गॅरेजमध्ये दुसऱ्यांदा मारलेला रंग मात्र प्रायमरसकट निघून येतो. गाडी जुनी घेतलेली असेल तर हे आधी विचारून घ्यावं.

गोंदाच्या लेखी थंडी आणि घाई एकच. तापमान उतरलं की साखळ्यांची हालचाल मंदावते, म्हणजे हळू ओढलं तरी तो हिसका बसल्यासारखाच वागतो. धुळ्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली असताना हे काम काढणं म्हणजे रंगाशी वैर. उलट जळगाव-भुसावळचा मे महिना, ज्याला आपण एरवी बोटं मोडतो, तो इथे फुकटचा मदतनीस. हवा ४५ अंशांच्या घरात असते तेव्हा उन्हातला काळा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. दुपारी गाडी उन्हात लावा, निम्मं काम तिथेच होतं.

इतर वेळी हेअर ड्रायर. ६० अंशांच्या आसपास, म्हणजे पत्र्यावर हात दोन-तीन सेकंदांहून जास्त ठेववत नाही इतपत, गरम करायचं. पत्र्यावरचा कंपनीचा रंग साधारण १४० अंशांना भाजलेला असतो, त्याला एवढ्याने काही होत नाही. प्लास्टिकच्या भागांवर जरा जपून. हीट गन मात्र नकोच. तिची हवा कित्येकशे अंशांची असते आणि एका जागी क्षणभर रेंगाळली की क्लिअर कोटला फोड येतात. टाकीजवळ काम असेल तर झाकण घट्ट लावा. पेट्रोलचा वास येत असेल तर ड्रायर चालू करूच नका, त्याची तार लालबुंद होते.

गरम झालं की उचकटू नका, कापा. मासे धरायची तंगूस घ्या, तापीकाठच्या कुठल्याही बाजारात मिळते. ती रिफ्लेक्टर आणि पत्रा यांच्यामध्ये घालून, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळून करवतीसारखी मागेपुढे ओढा. तंगूस फोममधून जाते आणि ताण एका वेळी फक्त तिच्यापुढच्या अरुंद रेघेवर पडतो, रंगाला जवळपास काहीच सोसावं लागत नाही. संक्रांतीचा उरलेला मांजा वापरायचा मोह होईल. त्यावरची काच रंगावर रेघोट्या ओढेल.

मागे उरतो काळा, चिकट थर. तो कोमट असतानाच अंगठ्याने एका दिशेने घासत राहा. आधी काही होत नाही, मग त्याच्या शेवयांसारख्या वळ्या सुटायला लागतात. उरलेल्यावर ताजी टेप दाबून चिकटवायची आणि सावकाश ओढायची. गोंद गोंदाला धरतो. शेवटचा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओल्या फडक्याने, आधी कुठेतरी कोपऱ्यात चाचणी करून. थिनरला हात लावू नका, दुसऱ्यांदा मारलेला रंग तो मऊ करून टाकतो. सरकीचं तेल चोळणारेही आहेत. स्वस्त स्टिकरच्या रबरी गोंदावर ते चालतं, अॅक्रिलिकवर फारसं नाही.

एवढं करून तिथे गडद चौकोन दिसला तर घाबरू नका. तो डाग नाही, गाडीचा मूळ रंग आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी फिकी पडली ती आजूबाजूची जागा. पॉलिशने फरक थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही.

आणि मागचा लाल रिफ्लेक्टर दिसायला कितीही खटकला तरी राहू द्या. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तो लागतोच. त्यातले तीन बाजूंचे बारीक कोपरे ट्रकचा उजेड ट्रकवाल्याकडेच परत पाठवतात, तुमचा मागचा दिवा बंद असला तरी.