ओनागावा स्थानक

जपानच्या होन्शू बेटावर, मियागी प्रांतातील ओनागावा या मासेमारीच्या गावातले रेल्वे स्थानक. पूर्व जपान रेल्वे कंपनीच्या (जेआर ईस्ट) इशिनोमाकी मार्गावरचे हे शेवटचे स्थानक असून कोगोता जंक्शनपासून ते ४४.७ किमी अंतरावर आहे. एकच फलाट, एकच रूळ आणि दिवसभरात मोजक्या डिझेल गाड्या, एवढाच त्याचा पसारा. तरीही २०११च्या त्सुनामीनंतर उभ्या राहिलेल्या वास्तूंमध्ये या स्थानकाला मानाचे स्थान आहे. उद्ध्वस्त झालेले गाव पुन्हा वसवताना ओनागावाने स्थानक मध्यभागी धरून बाकी सगळे त्याच्याभोवती आखले.

स्थानक ७ ऑक्टोबर १९३९ रोजी सुरू झाले. इशिनोमाकीपर्यंत रूळ १९१२मध्येच पोहोचले होते. पुढचा टप्पा मान्गोकुउरा या खाडीच्या कडेकडेने ओनागावाच्या बंदरापर्यंत नेण्यात आला. येथील किनारा दंतुर आहे. डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि मध्ये अरुंद, खोल उपसागर तयार होतात. असे उपसागर बंदराला उत्तम. सान्मा या चंदेरी, लांबट माशासाठी ओनागावा प्रसिद्ध आहे, शिवाय कालवे, शिंपले आणि सामन यांची शेतीही होते. पण हीच रचना त्सुनामीच्या वेळी घातक ठरते, कारण आत शिरलेले पाणी पसरायला जागा न मिळाल्याने उंच चढत जाते. १९६०मध्ये चिलीतील भूकंपामुळे उठलेल्या लाटाही गावात घुसल्या होत्या.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. त्यानंतर आलेल्या त्सुनामीचे पाणी किती चढले याची कल्पना एका गोष्टीवरून येते : बंदरालगतच्या सुमारे १६ मीटर उंच टेकडीवर गावचे रुग्णालय आहे, त्याच्याही तळमजल्यात पाणी शिरले. सुमारे दहा हजार वस्तीच्या गावातील आठशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. स्थानकाची इमारत आणि तिला लागून असलेले ‘युपोप्पो’ हे गरम पाण्याचे सार्वजनिक स्नानगृह, दोन्ही वाहून गेले. रेल्वेचा एक डबा तर डोंगरउतारावरच्या स्मशानात, थडग्यांच्या रांगांमध्ये जाऊन पडला. स्थानकातील घड्याळाच्या चार घंटांपैकी ढिगाऱ्यातून एकच हाती लागली. पुढच्या वर्षी हायस्कूलच्या मैदानावर तात्पुरत्या गाळ्यांची बाजारपेठ भरली, तेव्हा गावकऱ्यांनी तिला याच घंटेवरून ‘आशेची घंटा’ असे नाव दिले.

रेल्वे परत आली ती टप्प्याटप्प्याने. इशिनोमाकीपर्यंतची वाहतूक मे २०११मध्ये, वातानोहापर्यंतची मार्च २०१२मध्ये आणि ओनागावाच्या अलीकडच्या उराशुकुपर्यंतची मार्च २०१३मध्ये सुरू झाली. राहिले शेवटचे अडीच किलोमीटर, आणि त्यांनाच सर्वाधिक वेळ लागला. कारण रूळ टाकायचे कुठे हेच आधी ठरायला हवे होते. जुन्या जागेवर आता गावच नव्हते.

ओनागावा ज्या किनारपट्टीवर आहे त्या सान्रिकू किनाऱ्यावर अनेक ठिकाणी त्सुनामीनंतर उंच समुद्रभिंती बांधण्यात आल्या. ओनागावाने गाव आणि समुद्र यांच्यामध्ये तशी भिंत उभी करायची नाही असे ठरवले. डोंगर कापून निघालेल्या मातीचा भराव टाकून मधला भाग उंच केला, घरे त्याहून वरच्या उतारांवर नेली आणि पाण्याजवळचा सखल पट्टा मासळीच्या उद्योगांसाठी ठेवला. मासेमारीवर जगणाऱ्या माणसांना समुद्र डोळ्यांसमोर हवा, हा यामागचा विचार होता, आणि तो धाडसाचा होता यात शंका नाही. स्थानक या भरावावर, मूळ जागेपासून सुमारे दोनशे मीटर आत आले. त्यामुळे पूर्वी ४४.९ किमी असलेल्या मार्गाची लांबीही घटली.

नव्या इमारतीचा आराखडा शिगेरू बान या वास्तुरचनाकाराने केला. आपत्तीग्रस्तांसाठी कागदी नळ्यांपासून निवारे उभारणारा हा माणूस. वास्तुकलेतील सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झकर पारितोषिक त्याला २०१४मध्ये मिळाले. ओनागावाशी त्याचे नाते स्थानकाच्या आधीचे आहे. सपाट जागेची टंचाई असलेल्या या गावात त्याने २०११मध्येच बेसबॉलच्या मैदानावर मालवाहू कंटेनर एकावर एक रचून १८९ कुटुंबांसाठी दोन आणि तीन मजली तात्पुरती घरे बांधली होती. स्थानकाचे पांढरे छत पंख पसरलेल्या कुरव पक्ष्यासारखे दिसते. हा समुद्रपक्षी येथे नेहमी दिसतो. आत उभे राहून वर पाहिले की छताला पेलणारी लाकडी पट्ट्यांची जाळी दिसते आणि तिच्यावरच्या अर्धपारदर्शक आच्छादनातून दिवसाचा उजेड झिरपतो.

तळमजल्यावर स्थानक, वरच्या मजल्यावर पुन्हा सुरू झालेले ‘युपोप्पो’ आणि सर्वांत वर समुद्र न्याहाळायचा सज्जा, अशी तीन मजली मांडणी आहे. स्नानगृहात हिरोशी सेंजू या चित्रकाराचे टाइल्सवरचे चित्र आहे. बाहेर पाय शेकण्यासाठी गरम पाण्याचा उथळ हौद असून तेथे पैसे लागत नाहीत. या इमारतीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे हे स्नानगृह. गाड्या थोड्या, प्रवासी थोडे, अशा स्थानकाची इमारत एरवी दिवसभर ओस पडली असती. स्नानगृहामुळे जिला कुठेही जायचे नाही अशी आजीही स्थानकात येते, पाण्यात बसते, शेजारणीशी बोलते. घरे विखुरलेल्या गावाला अशा भेटण्याच्या जागेची फार गरज होती.

२१ मार्च २०१५ रोजी पहिली गाडी नव्या फलाटाला लागली आणि संपूर्ण मार्ग पुन्हा जोडला गेला. तोच दिवस गावाने नव्या ओनागावाच्या उद्घाटनाचा म्हणून साजरा केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्थानकासमोर ‘सीपाल पिअर’ ही दुकानांची ओळ उघडली. मधून जाणारा विटांचा पादचारी रस्ता थेट बंदराकडे उतरतो. त्याचा रोख नववर्षाच्या पहिल्या सूर्योदयाच्या दिशेने ठेवला आहे. रस्त्याच्या शेवटी, भरावापेक्षा खोल जमिनीवर, त्सुनामीने उलथवलेली काँक्रीटची पोलीस चौकी आडवी पडलेल्या अवस्थेत जतन केली आहे. तिच्याभोवतीच्या उतरत्या वाटेवरून चालताना जमीन किती उंचावली हे लक्षात येते.

गावाची लोकसंख्या मात्र पूर्वीइतकी झालेली नाही. ती सहा हजारांच्या आसपास आली आहे. मियागी प्रांताची राजधानी असलेल्या सेंदाईहून येणाऱ्यांना सहसा इशिनोमाकी किंवा कोगोता येथे गाडी बदलावी लागते. ऑगस्ट २०१६मध्ये सेंदाई आणि इशिनोमाकी यांना जोडणाऱ्या सेनसेकी-तोहोकू मार्गावरच्या गाडीची एक फेरी ओनागावापर्यंत वाढवण्यात आली. किन्कासान या देवस्थानाच्या बेटाकडे जाणाऱ्या बोटींचा धक्का स्थानकापासून पायी अंतरावर आहे.