वॉकीटॉकी आणि ‘कवच’: दोन्ही रेडिओच, पण कामं वेगळी

रेल्वे अपघाताची बातमी आली की ‘ड्रायव्हरला रेडिओवरून कळवलं का नाही?’ आणि ‘कवच का नव्हतं?’ हे दोन प्रश्न एका दमात विचारले जातात. दोन्हींत रेडिओ असल्याने बऱ्याच जणांना ती एकच यंत्रणा वाटते. पण वॉकीटॉकीवर माणूस माणसाशी बोलतो. कवच ही गाड्यांची टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रणा; तिच्यात स्टेशनातलं यंत्र इंजिनातल्या यंत्राला संदेश धाडतं, त्यात कुणाचा आवाज नसतो.

लोको पायलट (म्हणजे इंजिनाचा ड्रायव्हर) आणि गार्डकडे (पदाचं आताचं नाव ट्रेन मॅनेजर) ५ वॉटचा व्हीएचएफ सेट, म्हणजेच वॉकीटॉकी असतो, स्टेशनात २५ वॉटचा. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एका वेळी एकच जण. समजा, मालगाडी न थांबता स्टेशनातून चालली आहे. फलाटावर झेंडी घेऊन उभ्या असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला मधल्या एका वाघिणीच्या चाकाशी धूर दिसतो. इंजिन तोवर कधीच पुढे गेलेलं. स्टेशन मास्तर लगेच सेटवर सांगतो, ‘हॉट ॲक्सल (चाकाचा आस तापलेला) आहे, गाडी उभी करा.’ लोको पायलट तेच शब्द परत म्हणतो. हे परत म्हणणं कुणाला उगाच वाटेल, पण ऐकण्यातली चूक तिथेच सापडते. शिवाय त्या चॅनेलवर आसपास जो कुणी असेल त्याला सगळं ऐकू जातं, शेजारच्या लाईनवरचा लोको पायलटही सावध होतो. मोबाईलच्या फोनमध्ये हे होत नाही.

मात्र वॉकीटॉकी ब्रेक लावत नाही. आणि सिग्नल बिघडला असेल तर नुसत्या तोंडी शब्दावर लाल सिग्नल ओलांडायचा नसतो, त्यासाठी लेखी परवाना लागतो.

कवचचा सगळा भर नेमका ब्रेकवर. रुळांमधल्या आरएफआयडी टॅगवरून (रेडिओने वाचता येणाऱ्या खुणेच्या पट्ट्यांवरून) इंजिनाला आपण कुठे आहोत ते कळतं, पुढे कुठवर जायची मुभा आहे ते स्टेशनातून यूएचएफ रेडिओवर येतं. लोको पायलटने वेळेत वेग कमी केला नाही तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते. ४ मार्च २०२२ रोजी दक्षिण मध्य रेल्वेवर रेल्वेमंत्र्यांना बसवून चाचणी झाली, तेव्हा समोरच्या इंजिनापासून ३८० मीटर अलीकडे गाडी आपोआप थांबली. महाराष्ट्रात मनमाड–मुदखेड मार्गावर कवच बसलेलं आहे. पण वाघिणीच्या चाकाशी निघालेला धूर कवचला दिसत नाही. तो माणसालाच दिसतो.

१७ जून २०२४ रोजी न्यू जलपैगुडीजवळ रंगापानीला मालगाडी कांचनजंगा एक्सप्रेसवर मागून आदळली. पहाटेपासून स्वयंचलित सिग्नल बिघडलेले होते, आणि लोको पायलटच्या हातातल्या लेखी परवान्यावर वेग किती ठेवायचा ते नव्हतं. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात कवच तातडीने बसवायला सांगितलं आहेच. पण मालगाडीच्या लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजरकडे वॉकीटॉकी नव्हते, हेही नोंदवलं आहे. पहिल्या गोष्टीवर खूप बोललं गेलं. माझ्या मते दुसरी तितकीच गंभीर आहे, कारण कवचला वर्षं लागतात आणि चार्ज केलेला सेट ड्युटीवर निघतानाच हातात देता येतो.

जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींचा हिस्सा) मंजूर केलं. त्यावरच्या एलटीई (फोर-जी मोबाईलचं तंत्र) जाळ्यातून बोलणं आणि कवचचे संदेश दोन्ही नेता येतील. तेव्हा या दोघांमधली गल्लत आणखी वाढेल.