विनिअरच्या चित्रातली काळी रेघ

लेझरने कापलेल्या विनिअरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पत्र्यांची, चित्रं आता दिवाणखान्याच्या भिंतीवर, दागिन्यांच्या डब्यांवर, देवघराच्या पाठीमागच्या पॅनेलवर सर्रास दिसतात. डोळे जवळ नेले की दोन लाकडांच्या सांध्यात एक बारीक काळी रेघ सापडते. पूर्वी चित्र जोडून झालं की पॉलिशवाल्याला बोलवायचं, असा क्रम होता. या रेघेमुळे तो उलटला. आता पॉलिश कोणतं करायचं हे कापण्याआधीच ठरवावं लागतं. असं का झालं, याची कथा साडेपाचशे वर्षांची आहे.

इटलीत उर्बिनोच्या राजवाड्यात ड्यूक फेदेरिको दा माँतेफेल्त्रोची अभ्यासिका १४७०च्या दशकात तयार झाली. खोली अगदी छोटी. भिंतींवर जाळीची अर्धवट उघडी कपाटं, त्यात पुस्तकं, वाद्यं, चिलखताचे भाग, एकीकडे खार आणि फळांची टोपली. यातलं काहीही खरं नाही. सगळ्या सपाट फळ्या आहेत आणि त्यांत वेगवेगळ्या रंगांचं लाकूड बसवलेलं आहे. रंगासाठी हे कारागीर काय काय शोधत असत! त्या काळच्या इटालियन कामातला हिरवा रंग कित्येकदा एका बुरशीने रंगलेल्या लाकडाचा असे. तुकडे सुरीने कापून एकेक बसवले जात. सुरीच्या कापात भुसा पडत नाही, त्यामुळे नीट घासूनपुसून बसवलेल्या तुकड्यात फट जवळजवळ उरत नाही. वेळ मात्र अफाट लागतो.

पुढे बारीक पात्याची करवत आली आणि वेग वाढला. दोन-चार पत्रे एकावर एक ठेवून थप्पी एकदमच कापायची. पॅरिसचा आंद्रे-शार्ल बूल हा या पद्धतीचा बादशहा. चौदाव्या लुईने १६७२ मध्ये त्याला राजाश्रय दिला. कासवाच्या पाठीचा पत्रा आणि पितळेचा पत्रा एकत्र कापला की दोन संच हाती येत: एकात पितळी नक्षी आणि काळी-तांबूस जमीन, दुसऱ्यात नेमकं उलट. पण पातं जितकं जाड, तितकी फट उरणारच. ती सरस आणि रंग घालून बुजवली जाई. कारागिरांनी यावर दोन तोडगे काढले. एक, पातं किंचित तिरकं धरून कापायचं, म्हणजे खालचा तुकडा केसभर मोठा निघतो आणि वरच्या भोकात घट्ट बसतो. दुसरा, भोक आणि तुकडा वेगवेगळे कापायचे. भोक रेषेच्या आतून, तुकडा रेषेच्या बाहेरून. यासाठी पॅरिसमध्ये मांडी टाकून बसायचं एक लाकडी घोडं वापरात होतं. पायाने शिकंजा दाबून थप्पी उभी धरायची, एका हाताने आडवी करवत मागेपुढे करायची आणि दुसऱ्या हाताने थप्पी फिरवत राहायचं. ते तंत्र अंगात मुरायला वर्षं जात.

आपल्याकडेही या कलेच्या शाखा आहेत. मुंबई आणि सुरतेचं सादेली काम, म्हणजे बारीक तुकड्यांची भौमितिक नक्षी, एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून विलायतेत विकलं जाई. ते करण्यात पारशी कारागीर पुढे होते. मैसूरची शिसवीतली जडणघडण आजही चालू आहे. मात्र या कामातली हस्तिदंताची जागा कायद्यामुळे इतर साहित्याने घेतली.

लाकूड कापणाऱ्या लेझरचं मूळ तर थेट बारामतीत जन्मलेल्या माणसापाशी जातं. कुमार पटेल यांनी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतली, पुढे स्टॅनफर्ड गाठलं आणि १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला. पुणे जिल्ह्याच्या अभिमानस्थळांच्या यादीत हे नाव क्वचितच दिसतं, ही आपली तऱ्हा. या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, लाकूड ती झटकन शोषून घेतं आणि जागच्या जागी त्याची वाफ होते. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये वायूचा झोत जोडून लेझरने पोलादी पत्रा कापून दाखवला गेला. त्यानंतर काहीच वर्षांत खोके कापण्याच्या साच्यांसाठी प्लायवूडमध्ये खाचा पाडायला हे यंत्र कारखान्यात रुजू झालं. म्हणजे लाकूड हे लेझरचं अगदी सुरुवातीचं गिऱ्हाईक.

लेझरचा काप साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर. रेषेच्या आतून-बाहेरूनचं ते जुनं कसब आता सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा टाकून साधतं. झोत किंचित निमुळता असल्यामुळे वरची कड जास्त खाल्ली जाते. म्हणून बरेचजण चित्र आरशासारखं उलटं करून विनिअरची दर्शनी बाजू खाली ठेवतात. इथवर सगळा फायदाच. पण लेझर कापत नाही, जाळतो. जुने कारागीरही आग वापरत: पाकळीची कड तापलेल्या वाळूत धरून तिला तपकिरी सावली देत. ती जागा ते स्वतः निवडत. लेझर मात्र प्रत्येक कडेला काजळी लावून जातो आणि खरी गोम पॉलिश पेपर हातात घेतल्यावर कळते. ती काजळी घासली जाऊन मेपलसारख्या फिक्या लाकडाच्या रंध्रांत बसते. जोर लावून काढावी, तर बाजारातलं विनिअर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. खालचं प्लाय डोकावायला वेळ लागत नाही.

इथे लाख कामाला येते. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याची ही राळ. तिचा चपडा (वाळलेल्या पातळ पापड्या) स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने चढवण्याचं पॉलिश एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये रुळलं आणि ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणवलं गेलं. माल आपला, नाव त्यांचं. लेझरच्या कामात मात्र त्या पद्धतीतला बोळा सुरुवातीलाच फिरवला, तर दोन गोष्टी बिघडतात. काजळी ओढली जाते, आणि शिसवीचा जांभळट रंग स्पिरिटमध्ये सुटून शेजारच्या फिक्या लाकडात उतरतो. गिटार बनवणाऱ्यांना हा त्रास चांगला ठाऊक आहे. म्हणून पहिले एक-दोन पातळ हात फवाऱ्याने द्यावेत, वाळू द्यावेत आणि मगच घासावं. तोपर्यंत रंध्रं बंद झालेली असतात. वरून पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारायचं असेल तर मेण काढलेली लाख घ्यावी. साध्या चपड्यातल्या मेणावर पीयूची पकड कच्ची राहते.

तेल मात्र मी थेट लाकडावर लावणार नाही. जवस तेलाने शिसव देखणी होते हे खरं, पण तेच तेल फिकं लाकूड पिवळं करतं आणि गडद-फिक्यातला फरक कमी होतो. पाण्यावरचं पीयू पिवळं पडत नाही, पण पहिल्या हातात लाकडाचे तंतू उभे करतं. त्याच्याखाली लाखेचा हात असला तर हा त्रास बराच कमी होतो. मेलामाइन पॉलिशचा चकाकता थर फर्निचरवर शोभतो. चित्रावर तो उजेड परावर्तित करतो आणि नेमकं चित्रच दिसेनासं होतं. मॅट किंवा साटिन बरं.

उन्हावर यातलं काहीच पुरतं चालत नाही. अठराव्या शतकातलं फ्रेंच फर्निचर आज मधाळ तपकिरी दिसतं, पण उजेड न लागलेल्या भागांत तेव्हाचे हिरवे, निळे, गुलाबी रंग अजून सापडतात. शिसव उन्हाने फिकी होत जाते, मेपल गडद होतं, दोघं एकमेकांच्या जवळ सरकतात. काजळी म्हणजे कार्बन, ती मात्र उडत नाही. डब्यावर ‘यूव्ही’ लिहिलेलं, म्हणजे उन्हातले अतिनील किरण रोखणारं, पीयू ही घसरण लांबवतं, थांबवत नाही. चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर लावायचं असेल, तर रंगांतला फरक सुरुवातीलाच हवा त्याहून जास्त ठेवलेला बरा.